गंगावेशीत फेसासकट

कोल्हापुरात मिसळ आणि तांबडा-पांढरा तर सगळेच खाऊन येतात. आम्हीही खाल्ला. पण मुक्काम एक दिवस वाढवला तो गंगावेशीतल्या दूध कट्ट्यासाठी.

अंबाबाईचं दर्शन घेऊन दिवेलागणीला चालत निघालो. नेमका पत्ता विचारला तर एक पानवाला म्हणाला, "जावा सरळ, वासानंच कळतंय." कळलंच. शेण, ओली वैरण आणि ताजं दूध यांचा एकत्र वास. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, पुढ्यात आंबोणाची घमेली, बाजूला स्टीलचे ग्लास. कुठं कॅन नाही, की पिशवी नाही. म्हशीवाले मामा कासेला बसले, चरवीत चार-सहा धारा मारल्या आणि तिथल्या तिथं ग्लास भरून हातात दिला. गरम नाही, कोमट. म्हशीच्या अंगाइतकं.

"पाव्हणं, फेसासकट प्यायचं. थांबलासा तर फेस बसतोय."

बायको डॉक्टर आहे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो, हे ग्लास माझ्या हातात यायच्या आत तिनं सांगून टाकलं होतं. तिचं चुकत नाही. तरी मी प्यालो, आणि मिशीला फेस लावून तिच्याकडं बघितलं. शेजारी तालमीतली दोन पोरं दुसरा ग्लास संपवत होती. गंगावेस तालीम इथंच, त्यामुळं हा कट्टा शौकिनांपेक्षा पैलवानांचा जास्त.

मला खरी गंमत वाटली ती म्हशीची. आजोळी आमची म्हैस आजीनं नवं लुगडं नेसलं तरी पान्हा चोरायची. रेडकू समोर नसलं तर धार विसराच. इथं रिक्षांचे हॉर्न वाजताहेत, अनोळखी माणसं खेटून उभी आहेत, आणि ही बाई अर्धा लिटर आता, अर्धा लिटर मग, अशी निवांत दूध देतेय. मामा म्हणाले, "पंढरपुरी हाय ती. जाईल तिथं धार देती." शिंगं बघितली की जात ओळखता येतेच: तलवारीसारखी लांब, मागं वळून थेट खांद्याच्याही पलीकडं गेलेली. पूर्वी गवळी अशा म्हशी दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढत. दुधात पाणी घालायला मधे जागाच उरत नाही!

"उद्या गोठ्यावर या, आइस्क्रीम हाय," असं मामांनीच आवतण दिलं.

गोठा म्हणजे घराच्या मागची पडवी, आणि पुढच्या खोलीत दुकान. दही, तूप, कुणी व्याली असेल तर खरवस. उन्हाळ्यात मात्र लाकडी पॉटचं आइस्क्रीम. दूध आटवून गार करायचं, भांड्यात ओतायचं, भोवती बर्फ आणि जाडं मीठ. मिठानं बर्फ वितळतो आणि शून्याच्याही खाली गार होतो. म्हणून आत दूध गोठतं. मामांची सून हँडल फिरवत होती, दमली की नातू. मीही फिरवलं, शेवटची पाच मिनिटं खांदा काढतात. म्हशीच्या दुधात सात-आठ टक्के स्निग्धांश, त्यात आटवलेलं. रंग पांढराशुभ्र, वास फक्त वेलचीचा. काजू, चॉकलेट, काही नाही. उकळलेलं असल्यामुळं डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाडगं भरून घेतलं.

भिंतीवर दिवाळीच्या पाडव्याचा फोटो होता. म्हशीची शिंगं रंगवलेली, मोरपिसं खोवलेली, गळ्यात कवड्यांची माळ. पाडव्याला इथं म्हशी पळवतात. पुढं मालक मोटरसायकलवर, मागं मोकळी म्हैस, दावं नाही की काठी नाही. मला हे जरा तिखट-मीठ लावल्यासारखं वाटलं, आणि ते तोंडावर दिसलं असावं.

मामा काही बोलले नाहीत. अंगणात जाऊन त्यांनी गाडीला किक मारली. इतका वेळ आमच्याकडं ढुंकूनही न बघता रवंथ करणारी म्हैस उठली आणि दाव्याला हिसडे देऊ लागली.

"बसा की," सूनबाई हसत म्हणाली, "आता तिला समजवायला अर्धा तास जातोय."