कुलूप लाइपझिगचं, स्प्रिंग लोहाओळीतली

नागपूरच्या विमानतळावर कस्टमवाल्याने माझी बॅग बाजूला घेतली आणि स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, हे काय आहे?"

"कुलूप."

"दाराचं?"

"हो. जर्मनीतून आणलं. दुरुस्त करायला."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे दार तिकडे आणि कुलूप इकडे?"

प्रश्न रास्त होता. घाईघाईने सांगितलं की आतल्या खोलीचं आहे, घर उघडं टाकून नाही आले. त्याने हसून बॅग सोडली. बाहेर बाबा उभे होते. त्यांचा पहिला प्रश्न, "काऊन वं, तिकडं कुलपं मिळत नाही का?"

मिळतात ना. तिथेच तर सगळा घोळ आहे.

आम्ही लाइपझिगमध्ये राहतो ती इमारत पहिल्या महायुद्धाच्या आधीची. त्या शहरात अशा इमारती ढिगाने आहेत: उंच छत, रुंद लाकडी जिना, आणि शंभर वर्षांत दहा वेळा रंगवून जाड झालेली पांढरी दारं. भाड्याचं घर बघायला गेले तेव्हा या दारांवरच भाळले होते. जानेवारीत बेडरूमच्या दाराच्या हँडलने मान टाकली. खाली दाबलं की वर येईना. हँडल लोंबकळत राहिलं की लॅचची जीभही अर्धी आत राहते आणि दार लागत नाही. बाहेर उणे सहा, आत हीटर चालू, आणि दाराच्या फटीतून येणारा गार वारा थेट पायांवर. तेव्हापासून आम्ही दाराला पाच किलो आट्याची थैली टेकवून झोपू लागलो.

घरमालकिणीला ई-मेल केला. तिथे भाडेकरारात बहुधा एक कलम असतं: नळ, हँडल, कुलूप अशा रोज हाताळायच्या वस्तूंची छोटी दुरुस्ती एका ठरावीक रकमेपर्यंत भाडेकरूच्या खिशातून. तिने नम्रपणे तेच कलम दाखवलं आणि नवीन कुलूप बसवून घ्या म्हणाली. हार्डवेअरच्या मॉलसारख्या दुकानात नवीन कुलूप पंधरा युरोच्या आत होतं. आणलं, दारापाशी धरलं, आणि घोळ लक्षात आला. आतल्या दारांच्या जर्मन कुलपांची मापं आता ठरलेली आहेत: हँडलच्या भोकापासून चाबीच्या भोकापर्यंत ७२ मिलिमीटर, दाराच्या कडेपासून हँडलच्या मध्यापर्यंत ५५, आणि हँडलची चौकोनी सळी ८ मिलिमीटरची. माझं कुलूप ही मापं ठरायच्या आधीचं. दोन भोकांमधलं अंतरच वेगळं. नवीन बसवायचं तर दार छिन्नीने खोदायचं, जुनी भोकं बुजवायची, आणि पितळी पट्ट्या बाद. सुताराला फोन केला तर त्याने नुसतं दारात यायचे जे पैसे सांगितले त्यात तशी चार कुलपं आली असती.

नागपुरात असते तर मी काय केलं असतं? काहीच नाही. आमच्या घरी अशा कामाला बाबा असत, आणि बाबांना जमलं नाही तर चौकातला कोणी. दर एप्रिलमध्ये कूलर बाहेर निघायचा, पंप जाम झालेला असायचा, आणि बाबा घामाघूम होऊन तो उघडायचे. पेचकस त्यांच्या हातात, पक्कड भावाच्या हातात, टॉर्च माझ्या हातात. "इकडं धर. अबे वर नाही, इकडं!" हे वाक्य ऐकत मी मोठी झाले. मात्र टॉर्चवाल्याला सगळं दिसतं.

तर मार्चमध्ये एका शनिवारी मी फोनचा टॉर्च दातात धरला आणि कामाला लागले. (शनिवारी, कारण रविवारी ठोकठोक केली तर खालच्या मजल्यावरच्या आजी वर येतात. रविवारची शांतता तिथे कायद्यात आहे.) हँडलमधली छोटी पिन काढली की दोन्ही हँडलं आणि मधली सळी निघून येते. मग दाराच्या कडेवरची लोखंडी पट्टी, तिला वर एक आणि खाली एक स्क्रू. हे स्क्रू रंगात असे गडप झालेले की खाच दिसेचना. कटरच्या टोकाने खाच कोरून काढली, पेचकस बसवला आणि मागून हातोडीची हलकी टपली दिली, तेव्हा स्क्रू हलला. ही टपली बाबांची. घाईत फिरवलं तर स्क्रूची खाच बोडकी होते आणि मग बसा रडत. शेवटी हँडलच्या चौकोनी भोकात पेचकस अडकवून ओढलं, तसा पाऊण किलोचा तो काळा लोखंडी डबा दाराच्या पोटातून बाहेर आला.

आणि त्या डब्याच्या झाकणाला मधोमध एकच स्क्रू होता.

मी ते पंधरा युरोचं नवीन कुलूप शेजारी ठेवून बघितलं. त्याचं झाकण रिपीट मारून कायमचं बंद. आत काही तुटलं की फेका. जुनं मात्र कुणीतरी कधीतरी उघडणार हे धरूनच बनवलेलं. त्याचं झाकण उचलताना एकच काळजी घ्यायची: कुलूप आडवं ठेवायचं, झाकण सावकाश सरळ वर घ्यायचं, आणि कशालाही हात लावायच्या आधी फोटो काढायचा. मी फोटो काढला आणि मग लगेच शिंकले. त्या फोटोने वाचवलं.

आत फार काही नसतं. तिरप्या तोंडाची लॅचची जीभ. चौकोनी भोक असलेला एक गोल तुकडा, जो हँडलसोबत फिरतो आणि जिभेला मागे ओढतो. चाबीने पुढे सरकणारी जाड पट्टी आणि तिला जागेवर अडवणारा एकच लिव्हर. खालच्या कोपऱ्यात, शेणासारख्या घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये, एका चपट्या स्प्रिंगचे दोन तुकडे.

एकच लिव्हर, म्हणून सुरक्षिततेच्या नावाने शंख. आमच्या बेडरूमची चाबी स्वयंपाकघरालाही लागते, आणि बहुतेक वरच्या मजल्यावरही लागेल. कुलपात एकाहून जास्त लिव्हर घालून प्रत्येकाला नेमक्या उंचीवर उचलायला लावायचं, ही युक्ती रॉबर्ट बॅरन नावाच्या इंग्रजाने १७७८ मध्ये पेटंट केली. आपल्याकडे अर्देशीर गोदरेजांनी मुंबईत १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला, आणि आमच्या नागपूरच्या घराच्या पुढच्या दाराला लटकणारं नवताल त्याच घराण्यातलं. बेडरूमच्या दाराला एवढा बंदोबस्त कशाला? दार लागलं म्हणजे झालं.

काळं ग्रीस मी रॉकेलने धुतलं. आईने फोनवर सुचवलं, थोडं खोबरेल सोड. आई, तुझ्या पाया पडते, पण खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. नागपुरात ते दहा महिने तेल असतं, लाइपझिगमध्ये दहा महिने मेण. हा प्रयोग मी आधीच लाइपझिगच्या घराच्या पुढच्या दारावर करून बसले होते. तिथे आत बारीक पिना असतात, त्या सगळ्या चिकटल्या. तशा कुलपात तेल नकोच. पेन्सिलीचं शिसं चाबीवर चांगलं घासून चाबी आतबाहेर करायची, तेवढं पुरतं.

स्प्रिंग मात्र मिळेना. हॅकसॉच्या पात्याचा तुकडा कापून वाकवायला गेले तर तो कटकन मोडून भिंतीवर गेला. साधी लोखंडी पट्टी वाकते पण वाकलेलीच राहते. मग एके दिवशी व्हिडिओ कॉलवर बाबांना तुटके तुकडे दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीन नाकाशी घेतली आणि म्हणाले, "हे घड्याळाच्या पत्तीचं काम आहे. पोळ्याला येऊन राहिली ना तू? घेऊन ये."

म्हणून ते कुलूप बॅगेत.

पण ते घेऊन आम्ही इतवारीतल्या लोहाओळीकडे, म्हणजे लोखंडी सामानाच्या बाजाराकडे, निघालो तो दिवस नेमका पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा, म्हणजे तान्हा पोळा आणि मारबत, गावातली इडापिडा सोबत घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. महाल ओलांडेपर्यंतच गर्दीत स्कूटर अडकली. समोरून पिवळी मारबत येऊन राहिली होती, पोरं घसा फोडून "घेऊन जा गे मारबत" ओरडत होती. बाबा मागे वळून म्हणाले, "तुझं कुलूप देऊन टाकू का तिच्यासोबत?" घरी परतलो. इतक्या वर्षांनी मारबत बघायला मिळाली, हे कुलपाचं देणं.

दोन दिवसांनी इतवारीत लोहाओळीत गेलो. बाबांच्या ओळखीच्या दुकानापुढे एक म्हातारे मिस्त्री पोत्यावर बसले होते. त्यांनी कुलूप हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं, स्क्रू काढला आणि झाकण उचललं. मी ज्याला मार्चमध्ये चार तास लावले त्याला त्यांना दीड मिनिट लागलं.

"विलायती आहे. पण एकाच स्क्रूवर आहे, चांगलं आहे. आताचे कुलपं सारे रिपीटवाले."

बिस्किटाच्या डब्यातून त्यांनी चाबीच्या घड्याळाच्या जुन्या पत्त्यांचं वेटोळं काढलं. एक पत्ती कात्रीने कापली, कानशीवर कडा घासली. मग मधला भाग पक्कडीत गच्च धरला आणि फक्त टोक छोट्या गॅसच्या ज्योतीत घातलं. टोक लाल झालं. त्या लालीपासून पक्कडीकडे एक निळा पट्टा हळूहळू सरकत येताना दिसला. निळा म्हणजे साधारण तीनशे अंश. तो पक्कडीला टेकायच्या आत त्यांनी पत्ती बाहेर काढली.

"मधात आग नाही लागली पाहिजे बाई. नाही तर स्प्रिंगचा जीव जाते. टोक मऊ, मधात कडक."

गार झाल्यावर टोकाचा आकडा अगदी शांतपणे वळला, मोडला नाही. माझं हॅकसॉचं पातं का मोडलं ते तेव्हा कळलं. मी सगळं कडकच वाकवायला निघाले होते.

पुढची मी करते म्हटलं. त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "द्या तिला. घरी करते ती." तीन पत्त्या आणि त्यांनी केलेली एक स्प्रिंग, सगळे मिळून पन्नास रुपये. शंभराची नोट दिली तर उरलेले परत केलेच, वर चहा सांगितला.

संध्याकाळी आईने सांबारवडी तळून शेगडी मोकळी केली आणि मी पत्ती घेऊन बसले. लाइट गेले. बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, दुसऱ्याचं बाकी. ते टॉर्च घेऊन उभे राहिले.

"बाबा, इकडं धरा. वर नाही, इकडं."

पहिली पत्ती मी मधेपर्यंत तापवली. ती दिसायला छान झाली, आणि दाबल्यावर ओल्या पोह्यासारखी दबूनच राहिली. दुसरीचा आकडा उलट्या बाजूला वळवला. तिसरी बसली. झाकण लावलं, स्क्रू आवळला, आणि हँडल नव्हतं म्हणून चौकोनी भोकात पेचकस घालून फिरवून सोडला. टक्. जीभ बाहेर. बाबांनी टॉर्च माझ्याकडे दिला, कुलूप घेतलं आणि निदान वीस वेळा टक् टक् केलं. शेवटी आई म्हणाली, "मोडसाल आता."

सप्टेंबरात लाइपझिगला परत आल्यावर ते दारात बसवायला दहा मिनिटं लागली. मिस्त्रींची स्प्रिंग आत घातली आहे. माझी कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये, जोडीला. नवरा म्हणतो उलटं करायला पाहिजे होतं, पण थंडीत धोका कोण पत्करणार? आट्याची थैली परत स्वयंपाकघरात गेली. पंधरा युरोचं कुलूप दुकानात परत घेतलं नाही, मुदत संपली होती. ते पडून आहे.

मागच्या आठवड्यात बाबांचा फोन आला. "मागच्या दाराचं लॅच अडकून राहिलं आहे. कधी येते?"

म्हटलं, "दिवाळीला नाही जमत बाबा. झाकण रिपीटचं आहे का स्क्रूचं?"

थोडा वेळ नुसता खुडबुड आवाज. मग, "दिसत नाही वं. थांब, आईला टॉर्च धरायला सांगतो."