मल्लखांब वर्गासाठी पोलीस सत्यापन : माझा अनुभव

इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या मंडळाचा मुलांसाठी उन्हाळी मल्लखांब वर्ग भरतो. यंदा शिक्षकांचं पोलीस सत्यापन करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. पॉक्सो म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा; त्याच्या २०२० च्या नियमांत तसं स्पष्ट आहे: शाळा असो, पाळणाघर असो की क्रीडा अकादमी, मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची वेळोवेळी पडताळणी व्हायलाच हवी. कंत्राटी माणसांनाही सूट नाही.

अर्ज, आधार, फोटो हे सगळं सरळ झालं. एका शिक्षकाचं घर देवासकडे, त्यामुळे त्याचे कागद तिकडच्या थान्यात गेले आणि तिथेच पडून राहिले. त्यासाठी तिथल्या टीआय साहेबांना, म्हणजे थान्याच्या प्रमुखांना, भेटून आले.

आपल्या थान्यात मी विचारून घेतलं, लैंगिक गुन्हेगारांची यादी असते म्हणे, ती आम्हाला बघता येईल का? येत नाही. अशी राष्ट्रीय यादी २०१८ पासून आहे, सुरुवातीलाच तिच्यात चार लाखांवर नोंदी होत्या, पण ती फक्त पोलिसांना उघडते. अमेरिकेत अशा माणसांची नावं आणि फोटो कुणीही इंटरनेटवर पाहतो. दोन मुलांची आई म्हणून मलाही तसंच हवंसं वाटत होतं.

मग एका तरुण शिक्षकाच्या अहवालात ओळ आली: पॉक्सोचं प्रकरण, दोषमुक्त. तो म्हणाला, "ताई, मी एकोणीसचा होतो, ती सतराची. तिच्या घरच्यांनी रिपोर्ट केला." निकालाची प्रत त्यानं स्वतःहून आणून दिली. मी ती अथपासून इतिपर्यंत वाचली. तो सांगत होता तसंच होतं.

समितीतल्या काकांचं म्हणणं पडलं, "पालकांच्या ग्रुपवर टाकून देऊ, ज्याचं त्यानं ठरवावं." मी आडवी आले. ती सरकारी यादीसुद्धा दोष सिद्ध झालेल्यांचीच आहे, आणि याला तर कोर्टानं सोडलंय. शिवाय आपल्या लोकांत याचं नाव फुटलं की मुलगी कोण, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणार. तिची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि काकांना ते ठाऊकच नव्हतं.

मला इंग्लंडची पद्धत जास्त पटते. तिथे पालक एखाद्या ठरावीक माणसाबद्दल पोलिसांना विचारू शकतात. धोका दिसला तर पोलीस तेवढं सांगतात आणि पालकांनी ते स्वतःपाशी ठेवायचं असतं. तिथल्याच सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये म्हटलं, की फेरविचाराची कुठलीच सोय न ठेवता माणसाला आयुष्यभर नोंदीत अडकवणं मानवी हक्कांत बसत नाही. आपल्याकडे मुलांवरच्या बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा निघतो: नातेवाईक, शेजारी. त्यातल्या कितींचं नाव आधीपासून यादीत असणार?

आम्ही त्या शिक्षकाला घेतलं. मल्लखांबावर मुलाला आधार द्यायला धरावंच लागतं, म्हणून नियम सगळ्यांनाच लावले: वर्गात कायम दोन मोठी माणसं, एखादी आई किंवा आजी समोर बसलेली, मुलाला एकटं थांबवायचं नाही. अहवाल अध्यक्षांच्या कपाटात कुलपात आहेत. काकांनी विरोध नोंदवून घ्यायला लावला, तो नोंदवलाय. पडताळणी वेळोवेळी करायची आहे. पुढच्या खेपेला थान्यात कोण जाणार, ते अजून ठरलेलं नाही.