तीन मिलिमीटर

संगणकातला रायझन ५ ३६०० प्रोसेसर काढून त्याच मदरबोर्डवर रायझन ७ ५८००एक्स बसवायचं ठरलं, तेव्हा त्याला थंड ठेवणारा कुलर निवडायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. ३६०० सोबत छोटा कुलर आला होता. ५८००एक्ससोबत तो मिळतच नाही. या प्रोसेसरची टीडीपी, म्हणजे कुलर निवडताना धरायचा उष्णतेचा आकडा, कागदावर १०५ वॅट असली, तरी पूर्ण लोडवर तो १४२ वॅटपर्यंत खेचतो.

मी अभ्यास केला तो पेस्टचा, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कुलरकडे जावी म्हणून दोघांच्या मध्ये लावतात त्या लेपाचा. आठवडाभर! पेस्टऐवजी लावतात त्या लिक्विड मेटलचाही (द्रव धातूचा) मोह झाला होता, पण त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खातं, शिवाय ते वीजवाहक, म्हणजे एक थेंब घसरला की बोर्ड गेला. शेवटी साधीच, वीज न वाहणारी पेस्ट घेतली. चांगल्या पेस्टींमध्ये फरक पडतो तो दोन-चार अंशांचा, एवढंच त्या अभ्यासाचं फळ.

कुलर मात्र पाच मिनिटांत ठरवला.

जुना कुलर काढण्याआधी दहा मिनिटं मशीनवर लोड टाकून पेस्ट गरम केली. एएम४ मध्ये, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या या बोर्डाच्या सॉकेटच्या प्रकारात, पिना प्रोसेसरला असतात. पेस्ट वाळलेली असताना कुलर सरळ वर ओढला, तर लॉक असलेल्या सॉकेटमधूनही प्रोसेसर उपटून येतो. म्हणून डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवला. हे जमलं म्हणून खूश होतो, तेवढ्यात बोर्डामागची बॅकप्लेट खाली पडली. तिला धरून ठेवणारे स्क्रू मीच काढले होते. नवा कुलर त्याच प्लेटवर बसणार होता, त्यामुळे एका हाताने प्लेट दाबून धरत दुसऱ्याने स्क्रू लावायची कसरत करावी लागली.

कुलरच्या तळाची प्लास्टिकची पट्टी काढली, प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट टाकली, स्क्रू आलटून-पालटून तिरपे आवळले. फॅन फिरला. आणि कॅबिनेटचं झाकण लागेना. कुलर १५८ मिलिमीटर उंच, कॅबिनेटमध्ये जागा १५५ची. दोन्ही आकडे छापलेले होते, मी शेजारी ठेवून पाहिले नव्हते इतकंच.

कुलर बदलून १४८चा आणला. या वेळी कुलर शेजारच्या रॅमला अडू नये म्हणून तिची उंचीसुद्धा मोजली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं पुसून पेस्ट पुन्हा नवी लावली, कारण एकदा उचललेल्या पेस्टवर कुलर परत टेकवला तर मध्ये हवा अडकते.

एवढं करून रेंडरिंगला, म्हणजे प्रोसेसर पूर्ण राबतो त्या कामाला, तापमान ८७ अंश! वाटलं, पेस्ट चुकली. पण या चिपचे आठही कोअर (गणना करणारे भाग) जेमतेम ८० चौरस मिलिमीटरच्या एका तुकड्यात आहेत. उष्णता तिथून बाहेर पडायलाच अडते, वर कितीही मोठा टॉवर ठेवा. ९० अंश ही या चिपची मर्यादा, म्हणजे ८७ मध्ये बिघाड असा नव्हताच. तरी राहवेना. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, पीपीटी (प्रोसेसर जास्तीत जास्त किती वीज खेचेल ती मर्यादा) १४२वरून ११० वॅटवर आणली. तापमान ७५ वर आलं आणि वीस मिनिटांच्या रेंडरला मिनिटभर जास्त लागलं. फॅनचा आवाज आता ऐकूच येत नाही.