मागच्या बाजूचा शनिवार

चिकटवही आली ती पिशवीत, सुतळीनं बांधलेली. आणणारे गृहस्थ घाईत होते. "मॅडम, आजोबांची वही आहे. फोटो तेवढे काढून घ्या, कात्रणांचा नुसता भुगा झालाय."

भुगा झाला होता हे खरं. वर्तमानपत्राचा कागद टिकण्यासाठी बनवलेलाच नसतो. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन नावाचं द्रव्य त्यात तसंच राहतं. उजेड-हवा लागली की कागद पिवळा पडतो, आम्ल वाढत जातं आणि घडीवर नुसतं बोट टेकवलं तरी तुकडा हातात येतो. समोरच्या पानावरही कात्रणाच्या मापाचा तपकिरी चौकोन उमटतो. त्यात आजोबांनी काही ठिकाणी सेलोटेप लावलेली. टेप केव्हाच सुटली होती, डाग मात्र पक्का. टाचण्यांचा गंज वेगळाच. खळीनं चिकटवलेली पानं त्या मानानं बरी. कडा कसरीनं खाल्ल्या होत्या, पण मजकूर शाबूत होता.

फोटो काढायला मी नकार दिला. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशीच एक वही मी मोठ्या हौसेनं सोडवली होती आणि कात्रणं विषयवार फायलींत लावली होती. शाळा एकीकडे, पूर एकीकडे. कुठलं कात्रण कशाच्या शेजारी होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. कपाटात त्या फायली दिसल्या की मी अजून नजर चुकवते.

म्हणून ही वही पूर्ण न उघडता दोन उशांवर टेकवली, पानांच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं आकडे घातले आणि एकेक पान अख्खंच्या अख्खं स्कॅनरमध्ये नव्हे, साध्या कॅमेऱ्यात टिपायला घेतलं. (आमचा स्कॅनर झाकण दाबून बंद करावा लागतो, असल्या वहीचा कणाच मोडेल.) चाळीस पानं निवांत झाली. एकेचाळिसाव्या पानावर पूल होता.

आमच्या गावच्या पुलावरची पाटी १९६६ सांगते. सगळ्या स्मरणिकांनी तेच साल उतरवलंय, मीसुद्धा. कात्रणात मात्र पुलावरून पहिली मोटार गेल्याची बातमी. तारीख आजोबांनी कापून टाकलेली! चिकटवही करणाऱ्यांना ही खोड असतेच. बातमी नेमकी कापतात आणि तारीख केरात जाते.

खळ वरच्या कडेलाच उरली होती. खालची कड हलकेच उचलून मी विजेरी धरली. मागे सिनेमाची अर्धी जाहिरात होती. नाव कापलं गेलेलं, पण तळाशी स्वच्छ छापलेलं: 'शनिवार, २९ फेब्रुवारीपासून'.

कागद आणि पेन्सिल घेऊन बसले. २९ फेब्रुवारी शनिवारी आला तो १९३६, १९६४ आणि १९९२ मध्ये, अठ्ठावीस-अठ्ठावीस वर्षांनी. आता यातलं कुठलं? आठ पानं मागे गागारिनच्या अंतराळ उड्डाणाचं कात्रण, म्हणजे एप्रिल १९६१. तीन पानं पुढे पुलाच्या उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका, तिच्यावर १९६६. माणसं पानं नेहमी क्रमानंच भरतात असं नाही, त्यामुळे एरवी मी इतक्यावर विसंबले नसते. पण या दोहोंच्या मध्ये बसणारा शनिवार एकच. पूल १९६४ मध्येच वापरात आला होता. फीत दोन वर्षांनी कापली.

संध्याकाळी गृहस्थांना फोन केला.

"म्हणजे पाटी खोटी?"

"नाही हो. पाटी उद्घाटनाची आहे, पूल वापरात आल्याची नाही."

थोडं थांबून ते म्हणाले, "बरं. आणि फोटो?"

"वहीतच राहतील. तुम्हाला प्रती देते."

पानापानांत आम्लविरहित पातळ कागद घातला, वही पेटीत आडवी ठेवली. नोंदवहीत लिहिलं: पान ४१, पुढची बाजू पूल. मागची बाजू सिनेमा.