तुम्ही विचारलंत म्हणून: एचआर हेड व्हायला कोणता कोर्स लावू?

लग्नाच्या पंगतीत बट्टी कुस्करता कुस्करता विचारतात, भुसावळला गाडी लेट असली की फलाटावर विचारतात, आणि हल्ली तर सकाळी मोबाइलवर ‘राम राम’च्या पाठोपाठ तोच प्रश्न येतो: “भाऊ, पोरीनं एमबीए एचआर केलंय. आता कोणता कोर्स लावू म्हणजे ती हेड होईल?” एकदाच नीट लिहितो. पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

कोर्सचं उत्तर लहान आहे. एमबीए, एमपीएम, एमएसडब्ल्यू, काहीही चालतं. कारखान्यात राहायचं असेल तर जोडीला कामगार कायद्याची पदविका, म्हणजे आपली डीएलएल, करून ठेवा. १९४८च्या कारखाने कायद्यात ५०० किंवा जास्त कामगार असले की कल्याण अधिकारी लागायचा, नव्या कामगार संहितेत तो आकडा २५० वर आलाय. म्हणजे जागा आहेत. कोर्सचं एवढंच.

पण विचारणाऱ्याला कोर्सचं नाव नको असतं, ‘हेड’पर्यंतचा जवळचा रस्ता हवा असतो. तो टाइम ऑफिसातून, म्हणजे हजेरी-पाळ्यांच्या नोंदी ठेवतात त्या खोलीतून जातो म्हटलं की पोरांची तोंडं वाकडी होतात. त्यांना ‘टॅलेंट’ हवं असतं, ‘कल्चर’ हवं असतं. मलाही तेच हवं होतं. रात्रपाळीची हजेरी दोन तारखांत तुटते तेव्हा ओव्हरटाइम कुठे गडप होतो, ठेकेदाराच्या बिलात ११० माणसं आणि गेटच्या रजिस्टरात ९७ कशी, पीएफचं चलान १५ तारखेच्या आत का निघालं नाही, हे दोन वर्षं हातानं केल्याशिवाय मालकापुढे बसून माणसांबद्दल बोलायची लायकी येत नाही. कडक वाटेल. असू द्या.

एक हिशोब करून बघा. लाइन २४ तास, सातही दिवस चालते. मशीनवरची एक जागा भरायची तर आठवड्याला २१ पाळ्या. एक माणूस ६ पाळ्या करतो, म्हणजे साडेतीन माणसं. रजा आणि गैरहजेरी मिळून १२ टक्के धरा; ३.५ भागिले ०.८८ केलं की जवळजवळ ४ येतात. अशा ४० जागा असल्या तर कागदावर १४० माणसं पुरतात आणि प्रत्यक्षात १६० लागतात. ती २० माणसं भरली नाहीत तर त्यांच्या पाळ्या दुप्पट दरानं ओव्हरटाइममध्ये जातात. पगाराचा खर्च ‘वाचवला’ म्हणून ज्याचं कौतुक होतं त्यानं तो दुसऱ्या खात्यात दुप्पट करून ठेवलेला असतो.

आणि ते १२ टक्केही बारा महिने सारखे नसतात. आखाजी (अक्षय्य तृतीया) येते, पोळा येतो, कापूस वेचणी येते. नंदुरबारकडची माणसं असतील तर होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपल्या खानदेशातला देवीचा उत्सव. रोटांना, म्हणजे तिच्या नैवेद्याला, सगळे भाऊबंद घरी लागतात आणि सोमवारी विसर्जन. बाहेरून आलेला प्लांट हेड त्या सोमवारी उभी लाइन बघतो आणि झाडून सगळ्यांना शो-कॉज, म्हणजे ‘कारणे दाखवा’ नोटीस, काढायला सांगतो. एचआरवाल्यानं तेव्हा मागच्या तीन वर्षांची मस्टरं (हजेरीपट) काढून त्याच्यापुढे ठेवायची आणि मशीनचा स्क्रू उपसायचं, डाय साफ करायचं मेंटेनन्स त्याच सोमवारी लावून घ्यायचं. हे कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत. खरं तर शिकवायला हवं, पण पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरी कानबाई बसत नसावी.

आता माझ्याच हातून गेलेलं एक जुनं प्रकरण. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

पीव्हीसी पाइपची लाइन. रात्रपाळीत ऑपरेटर झोपला. लाइन ट्रिप झाली आणि माल बॅरलमध्ये, म्हणजे स्क्रू फिरतो त्या तापत्या नळीत, तसाच तापत राहिला. पीव्हीसी १७० ते १९० अंशांच्या आसपास वाहतो. थांबून राहिला की जळतो, कोळसा धरतो आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतो, ती धातूला खाते. लाइन थांबली की लगेच पर्जिंग कंपाउंड फिरवून बॅरल रिकामं करायचं असतं. करणारा झोपला होता. स्क्रू उपसावा लागला, तीन दिवस लाइन बंद. तो झोपला होता यात वाद नाही. त्यानं स्वतःच फिटरला सांगितलं होतं.

आरोपपत्राचा मसुदा माझा. ‘रात्रपाळीत कर्तव्यात कसूर करून कंपनीचे नुकसान केले’ या अर्थाचं इंग्रजी वाक्य. वेळ नाही, मशीनचा नंबर नाही, स्थायी आदेशातलं, म्हणजे कारखान्याच्या मंजूर सेवा-नियमांतलं, कलम नाही. तो माणूस मराठी अडखळत वाचायचा, घरी अहिराणी बोलायचा. पाकीट हातात घेऊन म्हणाला, “साहेब, माले काय लिखेल शे ते समजनं नही.” मी तोंडी सांगितलं आणि पोच घेतली. त्या पोचेवर मला फार समाधान वाटलं होतं.

पुढची प्रत्येक पायरी तशीच. निलंबनाच्या आदेशावर ज्याची सही, तोच चौकशी अधिकारी. म्हणजे फिर्यादीही तो आणि न्यायाधीशही तो. बचावासाठी सहकारी मागितला तर त्या सहकाऱ्याला नेमकी त्याच दिवशी पहिली पाळी. सुपरवायझरचं लेखी निवेदन वाचून दाखवलं, उलटतपासणी वीस मिनिटांत उरकली, एकाच बैठकीत चौकशी संपली. चौकशी अहवालाची प्रत दिली नाही, थेट बडतर्फीचं पत्र. आणि त्या पत्रात दोन जुन्या वॉर्निंगचा उल्लेख, ज्यांचा आरोपपत्रात पत्ताच नव्हता.

सगळ्यात लागलं ते निर्वाह भत्त्याचं. निलंबनात पहिले ९० दिवस वेतनाचे ५० टक्के, पुढे, उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर, ७५ टक्के द्यावे लागतात. पहिला महिना दिले, दुसऱ्या महिन्यापासून बंद. का? तर दुसरीकडे नोकरी करत नसल्याचं निवेदन त्यानं दर महिन्याला द्यायचं असतं, ते आलं नाही म्हणून अकाउंट्सनं भत्ता थांबवला. त्या निवेदनाचे कोरे फॉर्म गेटवर चौकीदाराच्या ड्रॉवरमध्ये होते. मीच ठेवले होते, ‘आला की द्या’ म्हणून. तो दर महिन्याला गेटवर यायचा आणि निलंबित माणूस आत सोडायचा नाही या हुकमावर चौकीदार त्याला परत पाठवायचा. पुढे कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात मी फॉर्मचं विचारलं तर म्हणाला, “माले कोनी सांगंच नही.” त्या काळात तो रावेरकडे केळीच्या गाड्या भरायला जात होता. पोट होतं, जाणारच. आमच्या वकिलानं ‘हा तर दुसरीकडे कमावत होता’ म्हणून तेच त्याच्यावर उलटवायचा प्रयत्न केला, आणि मी शेजारी फाइल धरून उभा होतो.

बडतर्फीपासून ९० दिवसांच्या आत त्यानं यूएलपीची, म्हणजे अनुचित कामगार प्रथेची, तक्रार लावली होती, १९७१च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली. न्यायालय आधी एकच बघतं: चौकशी न्याय्य होती का. नव्हती. मग कंपनीला आरोप न्यायालयात नव्यानं सिद्ध करायची संधी मिळाली. तोवर सुपरवायझर वापीला दुसऱ्या कंपनीत गेला होता आणि यायला तयार नव्हता. फिटर निवृत्त होऊन गावी. त्या रात्रीचं लॉगबुक स्टोअरनं रद्दीत घातलेलं. चार वर्षांनी तो पुन्हा कामावर आला, निम्मा मागचा पगार घेऊन.

तेव्हाचा मी अजून माझ्याशी भांडतो. म्हणतो, झोपला होता ना? स्क्रू गेला ना? मग कागदांचं एवढं स्तोम कशाला? आधी मी त्याला सांगायचो की कागद नीट असते तर बडतर्फी टिकली असती. कितीतरी ट्रेनिंगांत हेच प्रकरण ‘आरोपपत्र कसं लिहू नये’ म्हणून मी वापरलं: आरोप त्याला कळेल त्या भाषेत, तारीख-वेळ-मशीनसकट, उत्तराला पुरेसे दिवस, चौकशी अधिकारी बाहेरचा, प्रत्येक बैठकीच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, अहवाल देऊन मगच शिक्षेची नोटीस. सगळं बरोबर आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहिता लागू झाल्या, स्थायी आदेशांची अट ३०० कामगारांवर गेली, निलंबनातली चौकशी साधारणपणे ९० दिवसांत संपवायची असं आलं, तरी हा क्रम तोच आहे.

पण ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट मी गाळायचो. तो माणूस त्या दिवशी दुसरी पाळी करून तिसरीला थांबलेला होता. सोळा तास. बदली माणूस नव्हता, कारण वर हिशोबात सांगितली तशी जादा माणसं भरलेली नव्हती. हे मस्टरवर स्पष्ट होतं आणि मस्टर माझ्याच टेबलावर होतं. चौकशी नीट झाली असती, त्याचा सहकारी आला असता, तर पहिला प्रश्न हाच निघाला असता. म्हणजे मी कागद चुकवले ते अज्ञानानं, की नीट चौकशी झाली तर काय बाहेर येईल हे कुठेतरी कळत होतं म्हणून? मी ज्युनिअर होतो. मसुदा करायला सांगितला, केला. हे खरं आहे. मस्टर बघितलं होतं, हेही खरं आहे.

म्हणून कोणी ‘हेडचं काम काय’ विचारलं की मी त्या मस्टरवर येतो. आरोपपत्रावर सही करायच्या आधी त्या माणसाच्या मागच्या सात दिवसांच्या पाळ्या काढायच्या आणि वरच्याला दाखवायच्या. वरचा चिडतो. बढती एखादं वर्ष पुढे जाते. काहींची जातच नाही, तेही सांगून ठेवतो. नाही म्हणणारा एचआरवाला सगळ्यांनाच आवडतो असं मी कधी पाहिलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यात पुन्हा एक जण झोपलेला सापडला. या वेळी पाळ्या काढल्या: सलग नव्हत्या, आदल्या दिवशी सुट्टी होती. आरोपपत्र मराठीत, सगळं नीट. त्यानं कबूल केलं. मी चार दिवसांच्या निलंबनाची शिक्षा सुचवली. प्लांट हेड फाइल हातात घेऊन म्हणाला, “चार दिवसांचा पगार आणि एक स्क्रू. हिशोब तुम्हीच करा भाऊ.” फाइल अजून त्यांच्या टेबलावर आहे.

पोरीला टाइम ऑफिसला जागा हवी असेल तर कळवा. रात्रपाळीही करावी लागेल, हे तिला आधीच सांगा.