६४१ चा भागाकार

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं आणि पहिल्यांदा आठवली ती एक संख्या : ४,२९,४९,६७,२९७. नववीत गणिताच्या सरांनी फळ्यावर ३, ५, १७, २५७, ६५,५३७ लिहिलं. दोनाचा घातांक दरवेळी दुप्पट करायचा नि १ मिळवायचा. "या पाचही मूळ संख्या. पुढची ४,२९,४९,६७,२९७ हीही मूळच निघेल, असं फर्मा या गणितज्ञाला वाटलं होतं. तुम्हाला काय वाटतं?" तेवढ्यात घंटा झाली.

मी सुट्टीभर भागाकार करत बसलो. सातशेपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या, दोन सोडून. १२४ भागाकार! एकदाही पूर्ण भाग गेला नाही. ऐटीत वही सरांपुढे ठेवली, "सर, फर्माचं बरोबर आहे!"

"तसं म्हणायला ६५,५३६ पर्यंत जावं लागेल," सर म्हणाले, "पण तुला तेवढं लांब जायला नको." पानं उलटत ते ६४१ वर थांबले. २६७२ वजा २५६४. मी हातचा विसरलो होतो; १०८ ऐवजी ११८, म्हणून शेवटी बाकी ३५९. मधल्या १ भोवती लाल पेन्सिलीने गोल करून त्यांनी वही परत दिली. एक शब्द नाही. जागेवर येऊन पुन्हा केला : १०८, १०८९, ४४८, ४४८७... आणि सातपट घेताच भाग पूर्ण. उत्तर ६७,००,४१७.

ऑयलर या गणितज्ञाने हे १७३२ मध्येच दाखवलं होतं. या संख्येच्या प्रत्येक मूळ भाजकाला ६४ ने भागलं की १ उरतो. म्हणजे तपासायचे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवा ६४१! माझी सगळी हमाली. दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर ६४१ = ५ × १२८ + १ आणि ६४१ = ६२५ + १६ एवढंच लिहिलं, "भाग का जातो, ते यातच सगळं आलं." मला ते उमगायला अकरावी उजाडली.

बाकीच्या शिक्षकांनीही जीव तोडून शिकवलं, पण लिहायला बसलं की सरच आठवतात.

आता संगणकाचं काम करतो. ३२ बिटांत, म्हणजे शून्य-एकाच्या ३२ घरांत, मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. ती पडद्यावर दिसली की मनात दोन मिळवतो. शाळेत म्हणे फळे जाऊन स्क्रीन आल्या. असतील चांगल्या.

स्मरणिकेसाठी सरांबरोबरचा फोटो मागितला होता, तो माझ्याकडे नाही. भागाकार मात्र पाठ आहे, ११८ सकट.