यीस्ट नव्हतं ते

सोमवारी लॅबमध्ये नेहमीच गर्दी असते. त्या गर्दीत इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एक आजी नातवाच्या शौचाची डबी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आल्या. "बाई, तिसऱ्यांदा आणते आहे. अठरा दिवस झाले, पोराचं पोट थांबत नाही. नुसतं पाणी होतंय."

चिठ्ठीवर 'स्टूल रुटीन' एवढंच. वय ६. रजिस्टर उघडलं, तर आधीचे दोन्ही रिपोर्ट माझ्याच सहीचे: 'जंत, अंडी, सिस्ट आढळले नाहीत. यीस्ट पेशी ++.' यीस्ट म्हणजे साधी बुरशी.

"आजी, त्याला आणखी काही आजार आहे का?"

"रक्ताचा कॅन्सर. वर्ष झालं, केमो चालू आहे. पण ते वेगळं ना? हे तर पोटाचं."

माझ्या पोटात गोळा आला. आयोडीनची स्लाइड लावली आणि या वेळी घाई केली नाही. यीस्ट आयोडीन पिऊन तपकिरी होतं. हे गोळे काचेसारखे बिनरंगी राहिले होते. दोनदा मी हेच पाहून पुढे गेले होते.

मग दुसरी स्लाइड, टीबीला करतो त्याच जातीच्या रंगाची: कार्बोल फुक्सिन, नंतर १ टक्का सल्फ्युरिक अ‍ॅसिड, शेवटी मिथिलीन ब्लू. टीबीचं कडक अ‍ॅसिड इथे चालत नाही, रंग धुऊन निघतो. स्लाइडवर ऑइल घालून सूक्ष्मदर्शकाच्या सर्वात मोठ्या भिंगाखाली पाहिलं. निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी-लाल ठिपके, ४ ते ६ मायक्रॉनचे, तांबड्या रक्तपेशीपेक्षाही लहान. भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या एकेका भागात दहा-बारा. क्रिप्टोस्पोरिडियम, जुलाब घडवणारा परजीवी.

धडधाकट मुलाचं पोट आठ-पंधरा दिवसांत आपोआप सावरतं. केमोवरच्या किंवा एचआयव्ही असलेल्या मुलात हाच परजीवी आतड्याला चिकटून बसतो, मूल वाळत जातं. नेहमीच्या तपासणीत तो सहसा ओळखू येत नाही, हा रंग मुद्दाम करावा लागतो. आणि तो करायचा हे आम्हाला कळणार कसं, चिठ्ठीवर आजारच लिहिला नसेल तर? तरी मी विचारायला हवं होतं. दोन्ही वेळा.

डॉक्टरांना लगेच फोन केला. नायटाझोक्सानाइड हे त्यावरचं औषध सुरू झालं, पण अशा मुलांत त्याचा भरवसा कमी, प्रतिकारशक्ती परत यावी लागते. म्हणून केमोच्या गोळ्या काही दिवस थांबवायचं त्यांनी ठरवलं.

आजींना पाण्याचं विचारलं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते टाकीत साठवून क्लोरीनची गोळी टाकतात. किती काळजीने सांगत होत्या! पण हा जंतू क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोक आजारी पडले होते. पाण्यातूनच आलं असं मी म्हणत नाही, दुसऱ्या मुलाकडूनही लागण होते. तरी सांगितलं, त्याचं पाणी खळखळून उकळा, एक मिनिटभर तरी.

दोन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. चिठ्ठीच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःच बॉलपेनने लिहून आणलं होतं, 'केमोचं मूल'. स्लाइडवर अजून दोन-तीन ठिपके होते.